नुसता राग

लकवा मारल्यानंतर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता ‘राग’. तो ऐकून घरच्यांनी मला बासरी लावून दिली.

हे सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. मला तेव्हा हसता येत नव्हतं, कारण तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. ओरडताही येत नव्हतं, कारण शब्द सापडत नव्हते. जिनं उभा जन्म पैठणच्या रस्त्यावर एसटीत कंडक्टरकी करत काढला, जिच्या एका हाकेसरशी भरलेल्या गाडीतली उभी माणसं मुकाट मागं सरकायची, ती बाई पलंगावर पडून बासरी ऐकत होती. आणि आजूबाजूची माणसं म्हणत होती, बघा, किती शांत वाटतंय तिला.

झटका आला तो सुट्टीच्या दिवशी, सकाळी. भाकरी थापत होते. उजवा हात परातीतच राहिला, म्हणजे मी उचलायला गेले आणि तो उठलाच नाही. मी ह्यांना हाक मारली तर तोंडातून वेगळंच काहीतरी निघालं. आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आता रिटायर आहेत. माणूस घाबरट, पण त्या दिवशी त्यांनी क्षण वाया घालवला नाही. मुलाला उठवलं, मला गाडीत घातलं, दवाखाना गाठला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या मेंदूला मार बसलाय, म्हणून उजवा हात-पाय आणि बोलणं गेलंय. हळूहळू काही येईल. आणि स्पष्ट सांगितलं, ‘त्यांना समजतंय सगळं, फक्त बोलता येत नाहीये.’ हे वाक्य माझ्यासमोर, ह्यांच्या आणि मुलाच्या कानांवर पडलं. दोघांनी माना डोलावल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोघंही ते विसरून गेले. गारखेड्याच्या घरी आल्यापासून माझ्याशी सगळे मोठ्यानं बोलायला लागले, मी बहिरी झाल्यासारखे. आणि माझ्याबद्दल माझ्यादेखत बोलायला लागले, मी तिथं नसल्यासारखे.

दवाखान्यात बोलण्याचा सराव घ्यायला एक थेरपिस्ट बाई होत्या. आठवड्याला त्यांच्याकडे जायचं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, ‘घरी रोज थोडा वेळ गाणी ऐकवत जा. गाण्यांनी लकवा बरा होतो असं मी म्हणत नाही. गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवायचे. पण माणसाचं मन उभारी धरतं, लक्ष लागतं, त्यानं पुढच्या सरावाला मदत होते. फक्त एक, त्यांच्या आवडीचंच लावा. काय आवडतं त्यांना?’

हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला होता. मी तोंड उघडलं. शब्द यायला वेळ लागणार होता हे त्यांना माहीत होतं, त्या थांबल्या होत्या. तेवढ्यात आमचे हे म्हणाले, ‘जुनी गाणी. सिनेमातली. तिला फार आवडतात.’

साफ खोटं. जुनी सिनेमातली गाणी ह्यांना आवडतात. रविवारी दाढी करताना लावून बसतात आणि प्रत्येक कडव्याआधी मला सांगतात की आता बघ काय जागा घेतलीय. मी आतून भाजी ढवळत ‘हं’ म्हणते. त्या ‘हं’ची ह्यांनी माझी आवड करून टाकली होती.

मग सुरू झालं. मुलानं स्पीकर आणला, एवढासा डबा, पण आवाज दणदणीत. सकाळी ह्यांची जुनी गाणी. दुपारी मुलानं मोबाईलवर शोधलेलं मेंदूसाठीचं खास संगीत, ज्यात पाणी गळत राहायचं आणि मधूनच कुणीतरी एखादी पितळी वाटी बडवायचं. ते ऐकून मला दरवेळी वाटायचं की मोरीतला नळ उघडा राहिलाय, आणि उठून तो बंद करता येत नाही. संध्याकाळी नणंदेनं पाठवलेली बुद्धवंदना. वंदना मी रोज सकाळी स्वतः म्हणत आलेय, तिच्याशी माझं भांडण नाही. पण आमच्यात मयताच्या घरी अशी रेकॉर्ड दिवसभर चालू ठेवतात, बारीक आवाजात, एकसारखी. मी पलंगावर डोळे मिटून पडलेली, भेटायला आलेली माणसं चपला काढून हळू पावलांनी आत येतायत, कोपऱ्यात ती रेकॉर्ड. मला खरंच वाटायला लागलं की मी मेलेय आणि हे लोक सांगायला विसरलेत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नणंद म्हणाली, ‘मन भरून आलं वहिनीचं.’

माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती. पलंग भाड्याचा, लोखंडी. कडेला दांडी होती आणि माझ्या चालत्या डाव्या हातात लग्नातली पाटली होती. मी पाटली दांडीवर आपटली. एकदा. टण.

एसटीत बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे की दोन घंट्या म्हणजे चला आणि एक घंटी म्हणजे थांबा. दोरी ओढायची, एक टोला, ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो. इतकी वर्षं मी ह्याच भाषेत पोट भरलं. शब्द गेले तरी ही भाषा हातात राहिली होती. मी एक टोला दिला. गाणं चालूच. थोडं थांबून परत एक. परत थांबून एक.

आमचे हे चहाचा कप खाली ठेवून उभे राहिले. मुलाला हाक मारली. ‘लवकर ये, आई ताल धरतेय बघ.’

मुलगा आला, बघितलं, आणि आवाज वाढवला.

त्या दिवशी मला जो संताप आला तो आजही कमी झालेला नाही, उगाच कशाला खोटं बोलू. मी थांबा म्हणत होते आणि ते खूश होत होते. जितकं ठोकावं तितका आवाज वाढायचा. मुलानं मोबाईलवर माझं चित्रण करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. माझ्या हाताच्या त्या चित्रणाखाली भराभर जोडलेले हात आणि फुलं यायला लागली. घरात आता कुणी एसटीनं जात नाही, कार आहे, हे मला माहीत होतं. पण ज्या बाईनं आयुष्यभर हीच घंटी वाजवली तिच्या घरात ती कुणाला ओळखू येऊ नये?

अशातच तो पहिला शब्द आला. हे नणंदेशी फोनवर बोलत होते, माझ्या पलंगाशेजारी बसून. स्पीकरवर एक गाणं चालू होतं. हे म्हणाले, ‘आता कशाची ड्युटी आणि काय. झाली तिची नोकरी. घरात बसायचं, निवांत गाणी ऐकायची.’ मी शब्द शोधला, सापडला, जिभेवर आणला आणि बाहेर ढकलला.

‘राग.’

ह्यांच्या हातून फोन पडला. मुलगा धावत आला. ‘आई, परत म्हण. काय म्हणालीस?’

‘राग.’

‘राग? गाण्यातला राग?’ मुलाचे डोळे भरून आले. ‘पप्पा, तिला राग ऐकायचाय.’

आणि आमचे हे, ज्यांना भूप आणि भैरवी यांत काय फरक असतो हे विचारलं तर घाम फुटेल, ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘असं होतं. मेंदूला धक्का बसला की आवड बदलते. मी वाचलंय मोबाईलवर.’

मराठीत राग कधी नुसता नसतो. तो येतो, धरतात, गिळतात, दुसऱ्यावर काढतात. किंवा मग तो गातात, आळवतात, ऐकतात. शेवटचा शब्द आला की कळतं कुठला राग ते. माझ्याकडे तो शेवटचा शब्दच नव्हता. वस्तूंची नावं अधूनमधून सापडायची, पाणी, दार, ऊन. पण ‘दे’, ‘लाव’, ‘लागतं’, ‘येतो’ ही एवढी एवढी क्रियापदं कुठं गडप झाली होती कुणास ठाऊक. त्या एका ‘येतो’पायी माझ्या संतापाची त्यांनी बासरी करून टाकली. सकाळचा राग सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी, वेळापत्रकाप्रमाणं. पुढच्या भेटीत ह्यांनी थेरपिस्ट बाईंना अभिमानानं सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वा, फारच छान. मी ‘राग, राग’ म्हणत राहिले आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. मला तेव्हा एकच भीती वाटायची. हे असंच चालू राहणार. माझ्या जागी दुसरंच कुणी बोलत राहणार आणि मी मरेपर्यंत आनंदी बाई म्हणून ओळखली जाणार.

मग एका दुपारी माझा ड्रायव्हर भेटायला आला. माझा म्हणजे माझ्या गाडीवरचा, कित्येक वर्षं आम्ही एकाच ड्युटीवर होतो. पैठणकडचा माणूस. बाजारातून मोसंबी घेऊन आला, पलंगाजवळच्या स्टुलावर अवघडून बसला. डेपोतल्या गोष्टी सांगायला लागला, माझ्याशी, साध्या आवाजात, जशा गाडी लागल्यावर सांगायचा तशा. तेवढ्यात ह्यांनी पाहुण्याला दाखवायचं म्हणून स्पीकर लावला. ‘तिला फार आवडतं. बघा आता, ताल कशी धरते.’

मी पाटली आपटली. टण.

ड्रायव्हर वाक्याच्या मध्येच गप्प झाला. आणि मी बघितलं, त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. ब्रेकवर दाबतात तसा. त्यालाही ते नंतरच कळलं. तो पायाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

‘साहेब, ते बंद करा,’ तो म्हणाला.

‘का हो?’

‘बाईनं बेल दिली ना. एक बेल. म्हंजी थांबा.’

हे हसले. ‘अहो, ती ताल धरते.’

‘ताल कशाचा?’ ड्रायव्हर म्हणाला. ‘बाई, थांबायचं ना?’

मी दोन टोले दिले. टण टण. तो ह्यांच्याकडे वळून म्हणाला, ‘हे बगा. डबल. म्हंजी व्हय.’

मुलानं स्पीकर बंद केला. घरात इतकी शांतता मी झटका आल्यापासून ऐकली नव्हती. खाली भाजीवाला ओरडत होता, तेसुद्धा गोड वाटलं. हे म्हणाले, ‘पण मग इतके दिवस ती...’ मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, ‘बाईला कव्वाली लावा ना. पैठणला गाडी लागली की बाईच्या मोबाईलवर तेच असतंय. आम्हाला बी ऐकावं लागतंय. ती सामन्यावाली, बाई आन् गडी भांडत्यात ती.’

‘कव्वाली?’ हे म्हणाले. ‘हिला? छे.’

मी दोन टोले असे दिले की पाटलीला पोचा पडला. तो अजून आहे.

लहानपणी आम्ही बिडकीनला राहायचो. जयंतीच्या महिन्यात विहारासमोर स्टेज बांधायचे आणि कव्वालीचा सामना व्हायचा. एका बाजूला गड्याची पार्टी, दुसऱ्या बाजूला बाईची. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि मागं बसून टाळ्या देणारी माणसं. गडी गाण्यातून सवाल टाकायचा, बाईनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. मला आत्या घेऊन जायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदणारी आत्या तिथं पुढच्या रांगेत बसायची. मला नियम तिनंच सांगितला. ‘जवाब नाय दिला तं हारली.’ पण मी जी गाणारी बाई बघितली ती कधी घाई करायची नाही. गड्याचा सवाल संपायचा, लोक ओरडायचे, आणि ती पदरानं तोंड पुसायची, पाण्याचा घोट घ्यायची, ढोलकवाल्याकडे बघायची. गडी उभाच. आत्या माझ्या कानात म्हणायची, ‘थांबू दे त्याला. लई घाई असती गड्यांना.’ मग ती बाई कमरेवर हात ठेवून तोंड उघडायची आणि मंडपातल्या बाया उठून उभ्या राहायच्या. मी कंडक्टर झाले ती नोकरीसाठी, पण गाडीत उभं कसं राहायचं ते मी तिच्याकडून शिकले.

हे सगळं ह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. हेही वस्तीतच वाढले. पण गारखेड्यात फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांनी ठरवलं की आता आपण असलं काही लावायचं नाही. शेजारीपाजारी काय म्हणतील. त्या दिवशीही खिडकी लावून घेऊन मला समजावायला लागले, ‘अगं, ते गल्लीतलं. आपण ते सगळं मागं ठेवून आलो ना?’

ते आले असतील ठेवून. मी काही ठेवलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. मी एक घंटी दिली. हे गप्प बसले. मी खिडकीकडे बोट केलं आणि दोन घंट्या दिल्या. मुलानं खिडकी उघडली. मग त्यानं मोबाईलवर एकेक रेकॉर्ड शोधून लावायला सुरुवात केली, आणि मी पडल्या पडल्या घंट्या देत राहिले, ही नको, ही नको, ही चालू दे. एवढा हुकूम मी डेपोतसुद्धा कधी चालवला नव्हता.

त्यानंतर मी उड्या मारत उठले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. बोटं अजून मिटतात ती पूर्ण मिटत नाहीत. पण व्यायामाचा कंटाळा येईनासा झाला, हे खरं. ढोलक सुरू झाला की पाय उचलावासा वाटायचा, उचलला जायचा नाही ती गोष्ट वेगळी. आणि टाळ्या. मी मेलेला उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवायची आणि डाव्यानं त्याच्यावर टाळी द्यायची. थेरपिस्ट बाईंनी ते बघितलं. मी वाट बघत होते की आता ह्याही नाक मुरडतील. त्या म्हणाल्या, ‘हे चांगलं आहे. ओळ जिथं संपते तिथं टाळी पडतेय ना? आपल्या वाक्यात तिथं काय असतं?’

तिथं क्रियापद असतं. माझं हरवलेलं सगळं नेमकं तिथंच असतं. कव्वालीत ओळीचा शेवटचा शब्द सगळी पार्टी टाळीवर उचलते, परत परत. बाईंनी मला तशीच वाक्यं दिली, थोड्या सुरात. ‘पाणी’ म्हणायचं, थांबायचं, टाळी, ‘दे’. ‘दार’, टाळी, ‘लाव’. आधी बरेच दिवस नुसतीच टाळी पडायची. तिच्यामागून शब्द यायचा नाही. मी चिडून स्वतःच्याच हातावर फटके मारायची. मग एकदा ‘दे’ आला. मग ‘लाव’. ‘येतो’ मात्र येता येईना. तो म्हणायला ओठ पसरावे लागतात आणि माझा उजवा ओठ माझं ऐकत नव्हता. घरी आमचे हे म्हणायचे, ‘राहू दे तो, दुसरा घे ना सोपा.’ मला तोच हवा होता. का, ते मी त्यांना सांगू शकत नव्हते, कारण सांगायला तोच लागत होता.

मध्ये बरेच महिने गेल्यावर त्याच डॉक्टरांकडे तपासणीला गेलो. मी काठी घेऊन, स्वतःच्या पायानं. त्यांनी हात बघितला, पाय बघितला, खूश झाले. मग कागदावरून डोळे न उचलता म्हणाले, ‘बाकी, कोणता राग ऐकताय सध्या?’

त्यांच्या लक्षात राहिलं होतं. आमचे हे पुढं सरसावले. ‘नाही, आता ती जरा वेगळं...’

त्यांच्या टेबलाला स्टीलची कड होती. मी पाटली आपटली. एकदा.

हे थांबले. तोंड उघडं, पण थांबले. डॉक्टरांनी मान वर केली. मी काठी बाजूला ठेवली, उजवा तळहात मांडीवर घेतला.

‘राग,’ मी म्हणाले. थांबले. टाळी दिली. ‘येतो.’

वाकडा आला. पण आला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘कशाचा?’ त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. सांगण्यासारखं माझ्याकडे इतकं होतं की पहाटेपर्यंत सामना चालला असता. जुनी गाणी, पाण्याची गळती, मयताची रेकॉर्ड, बासरी, चित्रणाखालची फुलं, ‘झाली तिची नोकरी’. एवढे शब्द कुठून आणायचे. मी पदरानं तोंड पुसलं. आमचे हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, मला मदत करायला, पण त्यांनी आवाज काढला नाही.

‘मला,’ मी म्हणाले. ‘कोणी.’ टाळी चुकली. परत दिली. ‘विचारत नाही.’

डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला ठेवला.

घरी येताना गाडी हेच चालवत होते. गारखेड्याच्या अलीकडच्या सिग्नलला लाल दिवा लागला. ह्यांचा हात सवयीनं गाडीतल्या गाण्यांच्या बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. ते माझ्याकडे वळले. ‘काय लावू?’ त्यांनी विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं म्हणून नाही. पर्समधली पाण्याची बाटली काढली, झाकण डाव्या हातानं उघडायला वेळ लागतो तो लागू दिला, एक घोट घेतला. दिवा हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एक रिक्षावाला शेजारून जाताना शिवी देऊन गेला. आमचे हे, ज्यांना हॉर्नची एवढी भीती, ते स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिले.

बाटलीचं झाकण लावून झाल्यावर मी समोरच्या काचेखाली पाटली दोनदा आपटली. तेव्हा गाडी हलली.